फक्त पाहण्यासाठी

दोनशे बारा कार्डं छापायची होती. बाबांनी दोनशे अकरा छापली.

हे मला त्या रविवारी सकाळी कळलं, आणि ते त्यांनी मुद्दाम केलं होतं हे दुपारी. मधल्या वेळात आमच्या घरात जे झालं ते मी पुढे एकेकाला विचारून घेतलं. प्रत्येकानं आपली बाजू जरा झाडूनपुसून सांगितली. माझीही तशीच असेल.

बाबा सकाळी सहालाच मागच्या पत्र्याच्या खोलीत गेले होते. तिथे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र आहे आणि अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांचे लाकडी खण. धंदा त्यांनी केव्हाच बंद केला. आमच्या शेती आणि वन्यजीव मेळ्याचे अर्ज आणि कार्डं तेवढी दर वर्षी तिथे छापली जातात. 'वांगी, गट दुसरा.' 'घुबड झोपलं आहे, काचेवर टकटक करू नये.' अशी दोनशे अकरा. शेवटचं कार्ड दर वर्षी तेच असे, म्हणून त्याचे खिळे सुटे न करता दोऱ्यानं बांधून कोपऱ्यात ठेवलेले असत: 'फक्त पाहण्यासाठी. स्पर्धेत नाही.' त्या सकाळी बाबांनी तो दोरा सोडला आणि खिळे एकेक करून आपापल्या खणात टाकून दिले.

मेळ्याच्या पहिल्या वर्षी बाबांच्या भोपळ्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. अध्यक्ष आई. आठवड्याभरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, घरचा मेळा नि घरचंच बक्षीस. आईनं कुणाशी वाद घातला नाही. बाबांना बक्षीस परत करायला लावलं आणि पुढच्या वर्षीच्या नियमांत एक ओळ घातली: अध्यक्षांची आणि ज्याची चूल एक, त्याची वस्तू स्पर्धेत घेतली जाणार नाही. 'नातेवाईक' असं तिनं लिहिलं नाही, कारण इथे जो तो कुणाचा ना कुणाचा नातेवाईक आहे. ती ओळ बाबांनीच जुळवली आणि बाबांनीच छापली.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं त्यांचा भोपळा प्रवेशदाराजवळच्या एकट्या टेबलावर बसत आला. येणारा जाणारा त्यावर थाप मारून "वा!" म्हणे. परीक्षक त्याच्यावरून पुढे जात. आतल्या तंबूत बाकीचे भोपळे चिरले जात, गराची जाडी बघितली जाई, कच्ची फोड चाखून बघितली जाई. बाबांचा भोपळा संध्याकाळी आख्खाच्या आख्खा घरी परत यायचा.

आता आई नव्हती. तिला जाऊन सात महिने झाले होते. बाबांच्या शर्टाच्या खिशात स्पर्धेचा अर्ज होता, चार घड्या घातलेला, एक रकाना सोडून सगळा भरलेला. अर्जांची मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंत होती. त्याआधी चार वाजता मैदानाच्या कचेरीतला कारकून परवान्यावर अध्यक्षांची सही घ्यायला येणार होता, आणि अध्यक्ष अजून ठरायचा होता. बहुतेकांच्या मनात मीच होते. मी बाबांच्याच घरात राहते. आमची चूल एक.

यातलं बाबा कुणाशी बोलले नाहीत.

*

सात महिने मी बिनपदाची अध्यक्षच होते. त्याआधीची दोन वर्षं आईच्या अंथरुणाशी बसून ती सांगेल ते फोन करत होते. वाचनालयातली नोकरी मी बिनपगारी रजेवर टांगून ठेवली होती. एव्हाना मला झोपेतही तंबूंचे खांब दिसायचे. मेळ्याला पगारी माणूस एकही नाही, सगळे स्वयंसेवक. आणि फुकट काम करणाऱ्या माणसाची समजूत काढायला पगारी माणसाच्या दुप्पट वेळ लागतो.

कार्डं मोजताना एक कमी भरलं. कुठलं ते लगेच कळलं. मला वाटलं, विसरले. गेल्या महिन्यात त्यांनी दोनदा चहाचे तीन कप भरून आणले होते, आणि दोन्ही वेळा मी काही न बोलता तिसरा कप आत नेऊन ओतला होता. हेही तसंच, असं मी धरून चालले. एक कोरं कार्ड घेतलं, जाड निबाचं पेन काढलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'फक्त पाहण्यासाठी. स्पर्धेत नाही.' त्यांना बोललं नाही की झालं, एवढाच विचार होता.

अकराला मामा आले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, जनावरांच्या दवाखान्यात सदतीस वर्षं कंपाउंडर. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. एक आत्या सोडून. आत्या बाबांहून चार वर्षांनी मोठी, इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, आणि खरे डॉक्टर तिनं पुष्कळ पाहिलेत.

"भाऊजी, आधीच सांगतो," मामा बसता बसता म्हणाले, "मला पदाची हाव नाही."

"मग इस्त्रीचे कपडे कशाला घातलेत, कंपाउंडर?" आत्या म्हणाली.

"मेट्रन, आज रविवार आहे."

"रविवारी इस्त्री करणारा पुरुष मी पहिल्यांदा बघते."

तेवढ्यात वहिनी आली, हातात डबा. दादा बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने नसतोच. वहिनी बसडेपोत वेळापत्रक लावते आणि समोरच्या इमारतीत राहते. सहा वर्षांपूर्वी ती दोघं आमच्यापासून वेगळी राहायला गेली. आई गेल्यापासून मात्र दुपारचा डबा रोज येतो. तिनं तो टेबलाच्या कडेला ठेवला आणि दाराजवळची खुर्ची घेतली, कचेरीत भेटायला आलेली माणसं बसतात तशी.

"तर," मामा म्हणाले, "तिसावं वर्ष आहे. जरा दणक्यात होऊ द्या. मोठं व्यासपीठ, दिवे, जनावरांची वाजतगाजत मिरवणूक. आणि ते उष्ट्याचं टेबल काढून तिथे खाण्याचे गाळे."

"उष्ट्याचं टेबल राहणार," मी म्हणाले.

"अगं, कुरतडलेली कणसं बघायला कोण येतं?"

"गेल्या वर्षी रांग होती, मामा. शेळ्यांपाशी नव्हती."

ते टेबल आईचं. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतातलं, जनावरांनी खाऊन टाकलेलं तिथे आणून मांडायचं. तोडलेली कणसं, चोखून टाकलेली फळं, सोललेली खोडं. बघणाऱ्यानं दातांच्या खुणांवरून ओळखायचं, रानडुक्कर की साळिंदर, उंदीर की वटवाघूळ. जो ओळखेल त्याचं नाव फळ्यावर. कोण आलं होतं ते कळलं की माणूस सरसकट विष घालत नाही, एवढंच आईचं म्हणणं. एका वर्षी साळिंदरानं बाबांचाच भोपळा पोखरला होता. आईनं तो मोठ्या आनंदानं त्या टेबलावर मांडला. त्या नियमानंतर भोपळ्याला आतल्या तंबूत जागा मिळाली ती तेवढीच.

फोन वाजला. मधमाश्यांवाला होता. त्याला त्याच्या पेट्या शेळ्यांच्या शेजारी नको होत्या. मी म्हणाले, नाही ठेवणार. घुबडवाल्याच्या शेजारीही नको, तो फार बोलतो. मी म्हणाले, बघते.

फोन ठेवला तर आत्या बोलत होती. "वेळ कशाला घालवायचा? काम ही करते. सही हिनंच करायची. माझ्या मते विषय संपला."

"संपला कसा?" मामा म्हणाले. "माझ्या बहिणीचा मेळा आहे."

"आणि हिच्या आईचा नाही का?"

"मेट्रन, मी हिच्या विरोधात नाही. पण पोरगी दमलीय. तोंड बघा तिचं."

"दमलीय म्हणून बक्षीस द्यायचं सोडून काढून घ्यायचं?"

दोघांनीही बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. आत्यानं विचारलं, "तू बोल ना रे. हिलाच करू या ना?"

"ही नको," बाबा म्हणाले.

वहिनीनं मांडीवरची पर्स या बाजूची त्या बाजूला केली.

"का नको?" मी विचारलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला.

"नको."

"दोन वर्षं मीच केलं ना हे सगळं?"

"केलंस."

"मग काही चुकलं का माझं?"

"नाही."

"मग मला करू या म्हणताय?" मामांनी पुढे सरकून विचारलं.

"तसंही नाही म्हटलं मी."

बाबांची अडचण काय होती ते आता मला नीट दिसतं. मामांची चूल वेगळी. मामांना हो म्हटलं असतं तर भोपळा आत गेला असता आणि उष्ट्याचं टेबल बाहेर. मला हो म्हटलं असतं तर टेबल राहिलं असतं आणि भोपळा पुन्हा दाराशी. त्यांच्याकडे तिसरं उत्तर नव्हतं, म्हणून ते गप्प होते. त्या वेळी मात्र मला त्यांच्या गप्प बसण्यात एकच ऐकू आलं: तू आईसारखी नाहीस.

मी विषय बदलला. मला तो समजूतदारपणा वाटला होता.

"असू दे. बाबा, कार्डांतलं एक तुमच्याकडून राहून गेलं होतं. मी लिहून ठेवलंय." आणि ते कार्ड मी सगळ्यांसमोर त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते वाचलं. दोन ओळी वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ वाचलं.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. कार्ड शर्टाच्या खिशात घातलं, उठले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

*

स्वयंपाकघरात आत्यानं चहाचं आधण ठेवलं. वहिनी कप पुसत होती.

"तुला काय वाटतं?" आत्यानं विचारलं.

"मला कोण विचारतंय, आत्या?"

"मी विचारतेय."

"बाबा असं तोडून बोलत नाहीत कधी. काहीतरी वेगळं आहे."

आत्यानं साखरेचा डबा उघडला, बंद केला. तिनं मला पुढे कबूल केलं की त्या दिवशी तिला माझ्याविषयी फार प्रेम आलं होतं असं नाही. तिला मामांना अडवायचं होतं. गुडघे दुखत होते, आई गेल्यापासून आम्हा सगळ्यांकडे बघून बघून तिला कंटाळा आला होता, आणि कुणी एकानं सही केली की घरी जाऊन पाय शेकता येतील एवढीच तिची इच्छा उरली होती.

वहिनीचं वेगळं होतं. ती त्या दिवशी मेळ्यासाठी आलीच नव्हती. दादा पुढच्या महिन्यात येणार होता, आणि दोन ठिकाणी चार माणसांसाठी कशाला रांधायचं, पुन्हा एकत्रच करू या का, असं तिला विचारायचं होतं. तिनं येताना वाक्य जुळवलं होतं. कुणी जरा गप्प बसलं असतं तर ती बोलली असती.

मामा परसात गेले होते, सिगारेट ओढायला. काडी पेटवली आणि त्यांना भोपळा दिसला.

बाबांचा भोपळा ते दर वर्षी बघत आले होते. दर वर्षी तो हातगाडीत टाकून न्यायचा. या वर्षी तो गवताच्या जाड गादीवर बसवलेला होता. देठाला मऊ फडकं गुंडाळलेलं. एका बाजूनं ऊन लागून डाग पडू नये म्हणून तरटाचा आडोसा केलेला. शेजारी मोजपट्टी, आणि दोन पुसायची फडकी, एक ओलं, एक कोरडं.

मामांनी सदतीस वर्षं जनावरांच्या स्पर्धांत औषधाची पेटी घेऊन उभं राहण्यात काढली होती. नुसतं दाखवायला आणलेलं जनावर लोक धुऊन आणतात. स्पर्धेला आणलेल्या जनावराच्या खुरांच्या भेगासुद्धा पुसलेल्या असतात. ते खाली वाकले. भोपळ्याच्या सगळ्या खाचा पुसलेल्या होत्या.

"अध्यक्षपद माझ्या हातात होतं गं," मामा मला नंतर म्हणाले. "आत येऊन नुसतं म्हणायचं होतं, भाऊजी, तुमचं गुपित कळलं, मला मत द्या. बहुतेक दिलंही असतं."

"मग?"

"मग काय! पोटात काही राहतं का माझ्या?"

सिगारेट अर्धी टाकून ते आत आले आणि आतल्या खोलीच्या दारात उभे राहून साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊजी, भोपळा कुणासाठी पुसताय?"

बाबांचा हात तेवढा खिशाकडे गेला. आत्या चहाचा ट्रे घेऊन मामांच्या मागे उभी होती. साठ-सत्तर वर्षांची ओळख. तिला तो हात पुरला.

"अरे!" ती म्हणाली. "तुला स्पर्धेत उतरायचंय!"

मामा हसले. "आणि भोपळ्याला भोपळाच मिळाला तर?"

"मिळू दे," बाबा म्हणाले. "तेच कळायला हवंय."

ते बाहेरच्या खोलीत येऊन बसले. बोलले ते हळू, पण थांबले नाहीत. "अठ्ठावीस वर्षं सगळे वा म्हणाले. अध्यक्षांच्या नवऱ्याच्या भोपळ्याला वाईट कोण म्हणणार? पहिल्या वर्षीचं बक्षीस खरं होतं की नाही, तेही मला माहीत नाही. तिला विचारलं तर म्हणायची, परीक्षक मी नाही."

"कधीच सांगितलं नाही तिनं?" आत्यानं विचारलं.

"नाही. घरी आणून चिरायची, भाजी करायची, ताट पुसून खायची. बोलली मात्र नाही."

"मग सोपं आहे," मामा म्हणाले. "नियमच काढून टाकू."

"नियम राहील."

"अहो, पण ताई आता..."

"म्हणूनच राहील."

मी बाबांच्या समोर बसले होते. "मला सरळ का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू मागे झाली असतीस."

"झालेच असते."

"तेच नको होतं. दोन वर्षं तिच्या उशाशी बसलीस तू. एका भोपळ्यापायी बाजूला हो, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

"आणि 'ही नको' म्हणालात ते?"

"ते तोंडातून गेलं."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी एकदम झोप आली. तिथेच टेबलावर डोकं टेकून झोपावं अशी. इतके महिने जी गोष्ट मला हवी आहे असं मी समजत होते ती नसली तरी चालेल, हे मला त्या झोपेवरून कळलं. उष्ट्याचं टेबल राहायला हवं होतं. अध्यक्ष कोण, याचं मला काही नव्हतं.

"वहिनी," मी म्हणाले, "तू करशील?"

तिनं मान वर केली. वहिनी आणि आई यांचं सहा वर्षांपूर्वी बिनसलं ते याच मेळ्यावरून. आई दर वर्षी स्वयंसेवकांच्या यादीत तिचं नाव न विचारता घालायची, घरचीच आहे म्हणून. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वहिनीनं सुट्टीत माहेरी जायचं ठरवलं होतं आणि यादीत तिचं नाव चहाच्या तंबूपुढे होतं. तिनं ते स्वतःच्या हातानं खोडलं. महिन्याभरात चूल वेगळी झाली.

"हे असं कुणी तेव्हा विचारलं असतं तर," वहिनी म्हणाली. वाक्य तिनं पुरं केलं नाही.

"आता विचारतेय."

"सासऱ्याचा भोपळा आणि सून अध्यक्ष?" मामा म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"नियमात चूल आहे, मामा. नातं नाही," वहिनी म्हणाली. "आणि आमची चूल वेगळी आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तेव्हा तुम्हीच तर सांगत फिरलात."

आत्या पहिल्यांदाच मोकळेपणानं हसली.

"आणि हा रोजचा डबा?" मामांनी बोट दाखवलं. "डबा म्हणजे चूल एकच की!"

वहिनीनं डब्याकडे पाहिलं. ती क्षणभर थांबली. आम्हाला वाटलं, ती नियमाचा विचार करतेय. "आजपासून बंद," ती म्हणाली. "शुक्रवारी निकाल लागेपर्यंत."

"आजचाही?" बाबांनी विचारलं.

"आजचा सही व्हायच्या आधीचा आहे. खाऊन घ्या."

"म्हणजे पुढचे पाच दिवस हिच्या हातचं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आक्का, तुझ्या ओळखीचं कुणी आहे का अजून इस्पितळात?"

सगळे हसले. आई गेल्यापासून आम्ही सगळे एका वेळी हसलो असं ते पहिलंच असावं, पण कुणी ते बोलून दाखवलं नाही.

वहिनीनं पर्समधून वही काढली. "एका वर्षापुरती. आणि मला विचारल्याशिवाय माझं नाव कुठल्याही यादीत जाणार नाही. उष्ट्याचं टेबल आहे तिथेच. मामा, तुमची मिरवणूक दहा ते दहा पस्तीस."

"पस्तीस मिनिटांत बैल नुसता वळतो गं!"

"मग आधीच वळवून ठेवा."

"आत्या?" वहिनीनं विचारलं.

"मला फक्त घरी सोडा कुणीतरी," आत्या म्हणाली.

कारकून चार वाजून दहा मिनिटांनी आला. वहिनीनं परवाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली. जे बोलायला ती आली होती ते ती बोललीच नाही. सहा वर्षं गेली, त्यात आणखी पाच दिवस, असं तिनं ठरवलं होतं. जाताना तिनं रिकामा डबा धुऊन सोबत नेला.

*

मैदानावर अर्ज घ्यायच्या टेबलाशी मीच बसले. फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्या होत्या, खांब उभे होते, कापड अजून चढायचं होतं. घुबडवाला मधमाश्यांवाल्याला काहीतरी समजावत होता आणि मधमाश्यांवाला दुसरीकडे बघत होता.

पावणेपाचला बाबा आले. शर्ट बदललेला, केस पाणी लावून विंचरलेले. अर्ज त्यांना घरी माझ्या हातात देता आला असता. ते दोन माणसांच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागेही एक माणूस येऊन उभा राहिला.

नंबर आला तसा त्यांनी खिशातून अर्ज काढला. घडीत अडकलेलं माझं कार्डही बाहेर आलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

मी अर्ज वाचला. नाव, पत्ता, भोपळा, घेर, लागवडीची तारीख. "एक रकाना राहिलाय," मी म्हणाले आणि अर्ज त्यांच्याकडे वळवून पेन पुढे केलं.

'अध्यक्षांची व आपली चूल एक आहे का? होय / नाही. लागू नसेल ते खोडावे.'

ती ओळ त्यांनी स्वतः खिळा खिळा लावून जुळवलेली होती. तरी त्यांनी ती सावकाश वाचली. पेनाचं टोक 'होय'वर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका पडला, जरा पसरला. मी खांबांकडे बघितलं, मग फक्कीच्या रेघांकडे. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांची चूल एक होती. मागचा माणूस खोकला.

बाबांनी 'होय'वर एक सरळ रेघ ओढली.

मी अर्जावर शिक्का मारला. स्पर्धकाला क्रमांकाची चिठ्ठी द्यायची असते; भोपळ्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक. चिठ्ठ्यांचा गठ्ठा संपला होता. मी खण उघडून शोधायला लागले.

"याच्या मागे लिही," बाबांनी कार्ड उलटं करून सरकवलं. "वाया कशाला घालवायचं?"

मी कोऱ्या बाजूवर लिहिलं: ६३. त्यांनी ते हात लांब करून डोळ्यांपुढे धरलं, छापलेला मजकूर तपासताना धरायचे तसं, आणि चूक सापडली नाही तेव्हा खिशात ठेवलं.

"चिरताना मला तिथे थांबता येईल का?"

"नाही. स्पर्धकांनी दोरीच्या बाहेर थांबायचं."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले, आणि बाजूला होऊन त्यांनी मागच्या माणसाला पुढे येऊ दिलं.